घुम्याच्या कपाळावरची आठी

घुम्याला बोलायचा कंटाळा जन्मापासूनचा. लहान असताना गुडघा फुटला तरी भोकाड पसरायचा नाही, नुसती कपाळाला आठी घालायचा. दोन भुवयांच्या मधोमध एकच उभी आठी, कापडात टाका घालून दोरा ओढावा तशी. आईनं त्याला वाढवलं ते त्या आठीवर नजर ठेवून. भूक लागली, आठी. बूट चावला, आठी. पुढे एक दिवस एका मुलीला घेऊन दारात उभा राहिला. आईनं विचारलं, "हिच्याशी लग्न करायचंय का?" हा गप्प. आईनं कपाळाकडे पाहिलं. कपाळ सपाट होतं. "करायचंय म्हणतो," ती त्या मुलीला म्हणाली, "ये आत."

ही आई म्हणजे मोठ्याबाई. सोफे आणि खुर्च्या नव्यानं भरून द्यायचा त्यांचा कारखाना. नवरा गेल्यावर कारखाना विकून टाका म्हणणारे पुष्कळ भेटले, त्या सगळ्यांना मोठ्याबाईंनी दारातूनच वाटेला लावलं. जिभेला हाड नाही म्हणतात, पण यांच्या जिभेला कातरीची दोन पाती होती. लिहिणं सहीपुरतं. बाकी सगळी अक्कल तळहातात. जुना सोफा आला की त्या कापड उसवायच्या आधी त्यावर हात टेकवत, बोटं फाकवून, आणि सगळा भार टाकून दाबत. स्प्रिंग हाताला ढोसून वर आली तर जिवंत. नाही आली तर मेली, उपटून फेका. "दाबल्याशिवाय मी कशालाच जिवंत म्हणत नाही," असं त्या कारागिरांना सांगत, आणि कारागीर त्यांच्या पाठीमागे म्हणत, "बरोबर आहे, आम्हाला रोज दाबून बघतात."

त्या दिवशी एक मोठा सोफा जिन्यात वळेना, म्हणून गॅलरीतून दोरांनी खाली सोडायचा ठरला. घुम्या कठड्याला पाय लावून दोर सोडत होता. कठडा निसटला. सोफा रस्त्यावर बऱ्यापैकी धड पोचला, एक पाय मोडला तेवढाच. घुम्या त्याच्या शेजारी येऊन पडला. त्याचाही एकच पाय मोडला, मांडीत. पण सोफ्याला डोकं नसतं.

तेव्हापासून तो आयसीयूत होता. नाकातोंडात नळ्या, छातीवर तारा, मोडलेल्या पायाला ओढ म्हणून पलंगाच्या टोकाशी वजन लटकवलेलं. डोक्याला आतून सूज होती, म्हणून पायाचं ऑपरेशन एवढ्यात करता येत नव्हतं. श्वास यंत्र देत होतं. फुस्स, थांब, फुस्स. अंग इतकं सुजलं होतं की बोटांच्या गाठी दिसत नव्हत्या. मोठ्याबाईंना पहिल्यांदा आत सोडलं तेव्हा त्या सिस्टरला म्हणाल्या, "हा कुणाचा मुलगा? माझा आत आहे म्हणाले होते ना?" आणि मग त्याचे कान ओळखीचे दिसले, तेव्हा त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. ती सिस्टरनं बळंच सोडवली, कारण पलंग हलत होता.

भेटायची वेळ सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आत एका वेळी एकच माणूस. बाहेर एकमेकींना जोडलेल्या खुर्च्यांची रांग. मोठ्याबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांवर हात दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "फोम मेलाय. माणसं बसवून बसवून मारलाय." सूनही तिथेच असे, एक खुर्ची सोडून. दोघींचं तसं बरं होतं, म्हणजे भांडण नव्हतं. सून मऊ बोलायची, मोठ्याबाईंना मऊ बोलणाऱ्या माणसाचा भरवसा वाटत नसे.

आधी सून आत जाई. ती घुम्याचा हात धरायची, कानाशी वाकायची, घरातलं काहीबाही सांगायची, आणि बाहेर येताना डोळे पुसत यायची. "काहीच नाही हो आई. ऐकतसुद्धा नाहीये."

मग मोठ्याबाई जात. आणि बाहेर येताना त्यांची मान ताठ असे.

"माझ्याशी बोलला," त्या म्हणत.

"बोलला?"

"आठी घातली. मी विचारलं, ओळखलंस का? घातली. म्हटलं, घरी यायचंय ना? घातली. त्याचं बोलणं तेच, आजन्म." आणि सुनेचा पडलेला चेहरा बघून, राहवलं नाही म्हणून, "तुला जमत नाही गं. कुजबुजून कुणी जागं होतं का? हाक कशी असावी? छातीतून."

 दुसऱ्या दिवशी सुनेनं आत इतक्या मोठ्यानं हाक मारली की सिस्टर धावत आली आणि तिलाच बाहेर घेऊन गेली.

मोठ्याबाई हाक मारत होत्या हे खरं. पण हाक मारताना त्या दुसरंही काही करत होत्या. चादरीवरून त्यांचा तळहात त्या मोडलेल्या मांडीवर टेकलेला असे, बोटं फाकवून. प्रश्न विचारला की त्या हलकेच भार टाकत. मुद्दाम दुखवावं असं मनात नव्हतं. झोपलेल्या माणसाला हलवून उठवतात, तसं. आणि हाताला दुसरं काही येतच नव्हतं. दाबलं की यंत्राचा आवाज बदले, पडद्यावरचे हिरवे आकडे भराभर वर चढत, आणि त्या सुजलेल्या, अनोळखी तोंडावर भुवयांच्या मधोमध ती उभी आठी हळूहळू ओढली जाई. तेवढ्यापुरता घुम्या त्यांना दिसे. मग त्या हात काढून घेत. "बरं बरं. कळलं. झोप आता."

*

भुलीची डॉक्टर वयानं सुनेएवढी होती. केस टोपीत कोंबलेले, पायात सपाता, आणि बोलणं थेट. तिनं दोघींना बाहेरच्या कोपऱ्यात बोलावलं.

"आजी, जरा बसा."

"आजी मी नातवंडांची. ती अजून व्हायची आहेत. इथे मला मोठ्याबाई म्हणतात."

"मोठ्याबाई, त्यांचा पाय खूप दुखतोय. झोपेत असले तरी शरीराला कळतं. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, श्वासाच्या यंत्राशी झगडतात. डोक्याच्या सुजेला हे चांगलं नाही. भेटायच्या वेळी तर जास्तच होतं."

"कारण भेटायच्या वेळी तो जागा होतो," मोठ्याबाई म्हणाल्या.

 "आत्ता आम्ही दुखण्यावर जे औषध देतोय, ते सगळ्या अंगात जातं. डोक्यातही जातं. त्यानंच माणूस गुंगीत राहतो. मग तो औषधानं झोपलाय की मेंदूला मार बसल्यानं, हे आम्हालाच कळत नाही. म्हणून मला फक्त पाय बधिर करायचाय. जांघेत एक मोठी नस आहे, तिच्यातून पायाचं दुखणं वर जातं. तिच्याजवळ बारीक नळी ठेवायची, तिच्यातून थेंब थेंब औषध. पाय दुखायचा थांबेल. मग ती गुंगीची औषधं कमी करू, बंदच करू. आणि मग खरं कळेल."

"काय खरं?"

"ते किती जागे आहेत ते."

सून लगेच म्हणाली, "करा. दुखतंय तर थांबवा."

"तू थांब," मोठ्याबाई म्हणाल्या. "पाय बधिर केला, तर आठी जाईल का?"

"कुठली आठी?"

त्यांनी आपल्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं.

"दुखण्यामुळे असेल तर जाईल," डॉक्टर म्हणाली. "ओळखण्यामुळे असेल तर राहील."

हे मोठ्याबाईंना कोणी इतकं उघड सांगितलं नव्हतं. त्यांनी त्या पोरीकडे वर खाली पाहिलं. मनात आलं, हिला नाही म्हणावं. नाही म्हटलं की आज संध्याकाळी तो पुन्हा बोलेल, उद्या सकाळी पुन्हा. पण घुम्या आत आहे यावर त्यांचा भरवसा इतका होता, की नाही म्हणायची त्यांना लाज वाटली. ज्याला आपला माल चांगला आहे हे ठाऊक असतं, तो तपासायला घाबरत नाही.

"कर," त्या म्हणाल्या. "पण मी समोर उभी राहणार. माझ्या पोराला सुई कुठे टोचतेस ते मला दिसलं पाहिजे."

डॉक्टर नाही म्हणणारच होती. मग तिनं मोठ्याबाईंचं तोंड पाहिलं, आणि नियमापेक्षा ते कठीण आहे हे तिच्या ध्यानात आलं. "मास्क लावायचा. कशालाही हात लावायचा नाही."

चाकांवरचं यंत्र ढकलत आणलं तेव्हा मोठ्याबाईंनी विचारलं, "हे कसलं?"

"सोनोग्राफी."

"सोनोग्राफी? पोराला माझ्या दिवस गेलेत?"

सिस्टर मास्कच्या आत फिस्सकन हसली. डॉक्टरही हसली, पण हात थांबवले नाहीत. "पोटाची नाही, जांघेची. अंग सुजलंय, चाचपून नस सापडायची नाही. आणि शुद्धीवरच्या माणसाला सुई चुकून नसेला लागली तर तो ओरडतो, पायात करंट गेला म्हणून. हे ओरडू शकत नाहीत. म्हणून बघून टोचायचं."

"हा शुद्धीत असता तरी ओरडला नसता," मोठ्याबाई म्हणाल्या.

जांघेवर थंड चिकट जेल ओतलं. डॉक्टरनं हातातला दांडा त्यावर टेकवला आणि पडद्यावर राखाडी पिंजलेला कापूस दिसायला लागला. त्यात एक काळा गोल होता, आणि तो उडत होता.

"ही धमनी. बघा, मी दाबते. शेजारचा हा काळा गोल चपटा झाला, ती शीर. धमनी दबत नाही, उडत राहते." ती दांडा बारीक बारीक कलवत होती. "आणि नस धमनीच्या बाहेरच्या अंगाला असते. सुजेमुळे नीट दिसेना... ही... नाही, हा स्नायू."

मोठ्याबाई डोळे फाडून बघत होत्या. दाबून बघणारी बाई त्यांना आवडायला लागली होती.

दांडा एका अंगाला कलला आणि त्या राखाडीत काहीतरी उजळलं. पुन्हा कलला, विझलं. पुन्हा उजळलं आणि डॉक्टरचा हात तिथेच थिजला. "ही. दिसली?"

पांढुरका, तीन कोनांचा, करंगळीच्या पेराएवढा ठिपका. आत बारीक काळी टिंबं, पोळ्याच्या घरांसारखी. मोठ्याबाईंना मात्र दोर दिसला. जाड दोर कातरीनं कापला की तोंडाशी पीळ दिसतात, हुबेहूब तसा.

"एवढ्याशातून सगळं दुखणं जातं?"

"मांडीचं, बरंचसं."

पडद्यावर एका बाजूनं चकचकीत रेघ आत सरकली. ती सुई. दोराच्या अगदी कडेशी येऊन थांबली, शिवली नाही. मग तिच्या टोकातून काळं पाणी पसरलं, दोराच्या खाली, वर, चहूकडून, आणि दोर त्या पाण्यात सुटा तरंगायला लागला. डॉक्टरनं सुईतून केसासारखी नळी आत सरकवली, सुई काढली, नळी जांघेला पारदर्शक पट्टीनं चिकटवली आणि तिचं दुसरं टोक एका छोट्या पंपाला जोडलं.

"पट्टी कोरडी राहिली पाहिजे," ती सिस्टरला म्हणाली. "ओली दिसली म्हणजे नळी सरकली, औषध बाहेर चाललंय."

मोठ्याबाईंनी मग पडद्यावरची नजर काढून मुलाच्या तोंडाकडे नेली. इतके दिवस त्या कपाळावर आठी नसली तरी तिची एक पुसट रेघ कायम असे. ती रेघ हळूहळू विरली. भुवया एकमेकींपासून लांब गेल्या. हिरवे आकडे उतरले. श्वासाच्या यंत्राची कटकट थांबली. लहानपणी ताप उतरल्यावर दिसायचा तसा दिसला तो.

"बघ," त्या बाहेर येऊन सुनेला म्हणाल्या, "कसा झोपलाय. आता उठेल तो दमानं."

सुनेनं त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

*

गुंगीची औषधं कमी झाली, मग बंद झाली. अंगातून पूर्ण उतरायला वेळ लागतो म्हणाले, तर वेळही दिला. दोघी जणी आळीपाळीनं आत जाऊन हाका मारत. सून कुजबुजे, मोठ्याबाई छातीतून. मग एका सकाळी घुम्यानं डोळे उघडले, आणि सून रडत रडत बाहेर धावली, "उघडले! आई, उघडले!"

उघडले होते खरे. मोठ्याबाई त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या. डोळे छताकडे. त्या दोन डोळ्यांत दिव्याची नळी दिसत होती, आणि मोठ्याबाईही दिसत होत्या, काचेत दिसतं तसं. पण डोळ्यांना मोठ्याबाई दिसत नव्हत्या.

"घुम्या."

काही नाही.

"अरे, मी आलेय. ओळखलंस का?"

हात आपोआप मांडीवर गेला. भार टाकला. कपाळ सपाट. आणखी टाकला. यंत्र संथ, आकडे जागच्या जागी. त्यांनी दुसरा हातही पहिल्यावर ठेवला, कारखान्यात जाड गादीसाठी ठेवत तसा, आणि खांद्यापासून दाबलं.

सिस्टरनं त्यांचं मनगट पकडलं. "काय करताय तुम्ही!"

"सोड. बोलतेय मी त्याच्याशी."

तिनं सोडलं नाही.

थोड्या वेळानं भुलीच्या डॉक्टरनं दोघींना एका खोलीत नेलं. लहान खोली, बाक, कागदी रुमालांचं खोकं, आणि दार बंद झालं की बाहेरचा आवाज अजिबात येत नाही अशी. तिथे बसवतात म्हणजे काय सांगतात, हे बाहेरच्या खुर्च्यांवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"औषधांचा अंमल आता उरलेला नाही," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी वेगवेगळं तपासलंय. डोक्याचे फोटो पुन्हा काढले. डोळे उघडतात, पण बघत नाहीत. हाकेला, खुणेला काहीच नाही. मेंदूला फार मार लागलाय. मला वाटत नाही ते परत येतील."

"मग आठी?" मोठ्याबाई ताडकन म्हणाल्या. "तुझ्या सुईच्या आधी रोज बोलत होता माझ्याशी. विचारलं की उत्तर द्यायचा. दरवेळी! एकदासुद्धा चुकला नाही."

"विचारलं की लगेच?"

"लगेच. हाताखालीच कळायचं मला."

"हाताखाली म्हणजे?"

"पायावर हात ठेवून विचारायचे ना मी. जरा दाबून." आणि डॉक्टर नुसती बघत राहिली म्हणून चढ्या आवाजात, "दाबल्याशिवाय कळतं का कुठे? तूसुद्धा दाबूनच बघत होतीस!"

 मोठ्याबाईंना आपलेच शब्द त्या बंद खोलीत लटकलेले ऐकू आले. हळूहळू, एखादं ओझं जिन्यावरून पायरी पायरी खाली यावं तसं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं.

"कुठल्या पायावर?" सुनेनं विचारलं.

मोठ्याबाईंनी तळहात पदराखाली घेतला.

"आई, कुठल्या पायावर?"

"तुम्हाला माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाली. "आठी येते ती मेंदूच्या खालच्या भागातून येते, आपोआप. दुखलं की चेहरा आवळतो. त्यासाठी माणूस आत असावा लागतोच असं नाही."

"मोडलेल्या पायावर," सून म्हणाली. तिचा मऊ आवाज तसाच मऊ होता, म्हणून जास्त लागला. "आणि मला म्हणालात, तुला जमत नाही."

 मोठ्याबाईंच्या जिभेची दोन्ही पाती मिटलेली. त्यांनी खोक्यातला एक कागदी रुमाल ओढला, डोळ्यांना लावला नाही, नुसता घडी घालत बसल्या. मधोमध, पुन्हा मधोमध.

*

त्यानंतर दोघींच्या मध्ये एकाऐवजी दोन खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. सून बोलत नसे. पाण्याची बाटली भरून आणी आणि मधल्या खुर्चीवर ठेवी, तेवढंच. पुढे काय करायचं, यंत्र किती दिवस ठेवायचं, हे मोठे डॉक्टर येऊन विचारून गेले होते. दोघींनीही उत्तर दिलं नव्हतं. पायाचा पंप मात्र चालू ठेवला होता. "निदान दुखू तरी नये," भुलीची डॉक्टर म्हणाली होती.

मोठ्याबाई आत जात तेव्हा आता हात पाठीमागे बांधून उभ्या राहत, पोलिसासारख्या. सिस्टरनं एकदा सांगितलं, "हात धरा ना त्यांचा. तो धरला तर चालतो." त्यांनी मान हलवली आणि धरला नाही.

आता शेवट जवळ आला म्हणून असेल, दोघींना एकदम आत सोडायला लागले होते. त्या संध्याकाळी सून नेहमीसारखी त्याच्या कानाशी वाकली होती आणि काहीतरी सांगत होती, दाराच्या कडीबद्दल, जी हा नीट करणार होता आणि राहून गेली. मोठ्याबाई पायथ्याशी उभ्या होत्या.

सून मध्येच थांबली.

"आई."

कितीतरी दिवसांनी तिनं हाक मारली होती.

"आई, बघा! बघा ना!"

भुवयांच्या मधोमध ती आठी हळूहळू ओढली जात होती. खोल, उभी, ओळखीची. सुजेतून घुम्या वर येत होता. मोठ्याबाईंच्या तोंडून "काय रे" निघालंसुद्धा. त्या पुढे झाल्या. त्यांनी पलंगाची कड धरली.

"मी कडीचं सांगितलं आणि लगेच घातली!" सून हसत होती, रडत होती. "मी हात लावला नाही आई, शपथ, नुसतं बोलले! ऐकलं त्यानं! अरे, ऐकतोयस ना? पुन्हा सांगू?"

आठी आणखी खोल गेली. यंत्र कुरकुरलं. हिरवे आकडे वर चढायला लागले.

मोठ्याबाईंची नजर कपाळावरून सुटेना. ती त्यांनी ओढून खाली आणली. कापडात आयुष्य गेलेल्या बाईला चादरीवरचा ओला डाग शोधावा लागत नाही. जांघेपाशी होता, तळहाताएवढा. त्यांनी चादरीची कड उचलली. पट्टी फुगून एका बाजूनं सुटली होती आणि तिच्याखालून थेंब ओघळत होते.

त्यांनी कड खाली टाकली.

सून बघत नव्हती. ती कानाशी वाकून पुन्हा कडीचंच सांगत होती, भराभर, हसत. तिच्या तोंडावर जे होतं ते मोठ्याबाईंना ठाऊक होतं. आपण इतके दिवस बाहेर येताना तेच तोंडावर घेऊन यायचो, आणि ही समोर बसलेली असायची.

थोडा वेळ थांबलं तर काय होईल? थोडाच. तिलाही एकदा. आणि आपल्यालाही, खरं तर आपल्यालाच.

"सिस्टर," मोठ्याबाईंनी हाक मारली. छातीतून निघाली नाही, म्हणून पुन्हा मारली. "सिस्टर! पाय दुखतोय ह्याचा. नळी सरकलीय."

सून वळली. आधी तिला कळलं नाही. मग तिनं चादरीकडे पाहिलं.

"थांबा ना," ती म्हणाली. "आई, थांबा. आत्ता तर आलाय."

"आला नाहीये गं."

"तुम्हाला काय माहीत?"

मोठ्याबाईंनी ओल्या डागाकडे बोट दाखवलं.

"तुम्ही इतके दिवस बोललात त्याच्याशी," सून म्हणाली. "मला एक दिवस द्या ना. एकच."

 आठीकडे न बघता मोठ्याबाईंनी भिंतीवरचं लाल बटण दाबलं, सगळा भार टाकून, आणि सिस्टर येईपर्यंत दाबूनच धरलं.

डॉक्टर यंत्र ढकलत आली. जेल ओतलं, दांडा टेकवला. पडद्यावर पुन्हा तो पिंजलेला कापूस, उडणारा काळा गोल, आणि त्याच्या शेजारी उजळत विझत तो कापलेला दोर. या वेळी मोठ्याबाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या उशाशी, सुनेच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मध्ये जागा न ठेवता. सुनेनं अंग आकसून घेतलं, पण सरकली नाही.

दोघी आठीकडे बघत होत्या. काळं पाणी दोराभोवती पसरलं असेल, कारण आठी आधी वरच्या टोकाला सैल झाली. मग मधे. दोरा सुटत गेला आणि कापड सपाट होत गेलं.

"गेली," सून म्हणाली.

"हं," मोठ्याबाई म्हणाल्या.

सिस्टरनं ओली चादर ओढून काढली, कोरडी पसरली आणि चारही कोपरे नीट खोचले. यंत्र संथ चाललं होतं. फुस्स, थांब, फुस्स. भेटायची वेळ संपल्याचं कोणीतरी दाराशी येऊन सांगितलं, आणि दोघींपैकी कोणीच हललं नाही म्हणून पुन्हा सांगितलं.